कारखाना, कलाशाळा आणि पवई

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये माना वर करून चालणारी माणसं थोडी. कमानींच्या कोपऱ्यांत आणि खांबांच्या माथ्यांवर तिथे दगडी मोर आहेत, खारी आहेत, माकडं आहेत, पानाफुलांच्या दाट वेली आहेत. इमारतीचा आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. १८७८ मध्ये सुरू झालेलं काम दहाएक वर्षं चाललं. त्यातली बरीचशी नक्षी मात्र जवळच्याच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या विद्यार्थ्यांची आहे. जॉन ग्रिफिथ्स त्यांचे गुरू. यंत्र अभियांत्रिकीच्या मुलांना घेऊन मी मुंबईला जाते तेव्हा पहिला तास याच खांबांखाली घेते. आपल्याकडे डिझाईनच्या शिक्षणाचा इतिहास सांगायचा तर तो इथूनच सांगावा लागतो. ज्यांनी ही पानं कोरली ती शिकणारी मुलं होती, आणि त्यांची वर्गपाटी म्हणजे वापरात येणारी, भार पेलणारी, रेल्वेची खरीखुरी इमारत होती.

या कलाशाळेसाठी जमशेदजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले ते हातांना आणि डोळ्यांना वळण लागावं म्हणून. शाळा १८५७ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या जागेत सुरू झाली. १८६५ च्या सुमारास इंग्लंडहून तीन शिक्षक आले आणि कामाची वाटणी झाली: ग्रिफिथ्स सजावटीच्या चित्रकामाला, लॉकवुड किपलिंग मातीकाम आणि शिल्पाला, हिगिन्स लोखंडी नक्षीकामाला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकरी-बाजारकऱ्यांची उठावचित्रं किपलिंग यांची. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला हेन्री कोल यांनी बसवलेली पायरीपायरीची पद्धत इथेही आली. आधी सरळ रेषा, मग वक्र, मग पान, मग पानाची नक्षी, मग ती नक्षी घडवायच्या वस्तूवर. या पद्धतीत साहेबी अहंकार भरपूर होता. इथल्या कारागिराला नक्षी शिकवायला परदेशातून माणूस आणावा लागतो, ही कल्पनाच मला आजही टोचते. तरीही एक गोष्ट मान्य करते. चित्र, दगड, लोखंड आणि इमारत यांचे धडे तिथे एका छपराखाली होते.

पुढची शंभर वर्षं ही छपरं वेगळी होत गेली. १८५४ पासून पुण्यात अभियांत्रिकीचे वर्ग होतेच. १८८७ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उघडली, ती गिरण्यांना आणि कारखान्यांना माणसं पुरवायला. १८९१ मध्ये जे.जे.च्या आवारात गव्हर्नर रे यांच्या नावाने कार्यशाळा निघाल्या आणि धातुकाम, लाकडी कोरीवकाम, गालिचे असले धंदे तिथे शिकवू लागले. म्हणजे एकाच शहरात यंत्रवाल्यांची शाळा एकीकडे, हस्तकलेची दुसरीकडे, आणि चित्रकाराचं स्वप्न पाहणारा मुलगा जे.जे.च्या वरच्या वर्गात. १९३५ मध्ये जे.जे.त कमर्शिअल आर्टचा विभाग निघाला. १९५८ मध्ये वास्तुकला स्वतंत्र महाविद्यालय झाली आणि १९६१ मध्ये उपयोजित कलेची संस्था वेगळी झाली. प्रत्येकाला आपापली इमारत मिळाली, आपापला प्रमुख मिळाला, आपापला मान मिळाला. त्या मानाची गरज होती. जाहिरातीचं चित्र काढणाऱ्याला चित्रकारांच्या पंगतीत खालची जागा मिळायची, ती स्वतंत्र झाल्यावर सुधारली. पण अभियंत्याच्या हातात पदवी, आणि जे.जे.वाल्याच्या हातात दशकानुदशकं पदविका, जी. डी. आर्ट. ही उतरंड घराघरांत पोचली. लग्नाच्या बोलणीत पोचली.

माझ्या पिढीच्या मुलांनी ही फाळणी शाळेतच अनुभवली आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मी दिल्या. एका पेपरात संकल्पचित्र: वर्तुळात किंवा चौकोनात पोस्टर कलरने फुलं, पक्षी, भौमितिक आकार भरायचे. दुसऱ्या पेपरात कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन: कंपास, पट्टी, सेटस्क्वेअर. भूमिती, अक्षर आणि नक्षी एकाच परीक्षेत बसवणाऱ्या माणसांना काहीतरी नक्की ठाऊक होतं. मात्र दहावीनंतर ज्याला गणितात मार्क त्याने रंगांची पेटी माळ्यावर टाकायची, असा अलिखित नियम होता. मी टाकली नाही, कारण आमच्या घरात ते शक्य नव्हतं.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न मेकर होते. ओतकामाच्या धंद्यात साच्यासाठी आधी लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून मोल्डर पोकळी तयार करतो, तिच्यात वितळलेलं बीड ओततात. नमुना तयार करणाऱ्याला ड्रॉइंग वाचावं लागतं, सागवानाचा आणि शिसवीचा स्वभाव कळावा लागतो, आणि बीड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आक्रसतं हे हिशेबात धरून सगळी मापं वाढवून घ्यावी लागतात. त्यासाठी वडिलांकडे श्रिंकेजची वेगळी पट्टी असायची. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरहून जरासा मोठा. नमुना वाळूतून अलगद निघावा म्हणून उभ्या भिंतींना किंचित उतार द्यायचा, आतल्या पोकळीच्या कोअरला टेकायला जागा ठेवायची. कोपऱ्यात मेण भरून गोलाई करायची, कारण धारदार कोपऱ्यात ओतीव तडकतं. हे सगळं करून झाल्यावर ते नमुना दिव्याखाली धरून फिरवायचे आणि त्यावर पडणाऱ्या उजेडाची रेघ बघायचे. रेघ कुठे थरथरली तर पुन्हा पॉलिश पेपर. धातूशास्त्र, भूमिती, सुतारकी आणि सौंदर्यदृष्टी असे त्यांच्या कामाचे चार विभाग कुणी पाडलेच नव्हते. पण हे ज्ञान उच्च शिक्षणात कुठल्याच खात्यात मोडत नव्हतं, म्हणून ते कॉलेजात कधी शिकवलं गेलं नाही. कॉलेजात वर्कशॉपच्या तासाला आम्हाला एक लाकडी जोड करून दाखवायला सांगत आणि जर्नलवर सही करून सोडून देत.

भिंती पाडायचा सर्वांत धाडसी प्रयोग झाला जर्मनीत, डॅन्यूबकाठच्या उल्म गावी. नाझींनी १९४३ मध्ये हान्स आणि सोफी शोल या भावंडांना मृत्युदंड दिला. त्यांची बहीण इंगे शोल आणि तिचे सहकारी ओटल आयखर, माक्स बिल यांनी त्या भावंडांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये एक डिझाईनची शाळा सुरू केली. पुन्हा असा समाज घडू नये म्हणून रोजच्या वापरातल्या वस्तू, छापील मजकूर आणि घरं शहाणपणाने घडवणारी माणसं तयार करायची, हा तिचा उद्देश होता. शाळेची इमारत बिल यांचीच. तिथला स्टूल प्रसिद्ध आहे: तीन फळ्या आणि एक दांडा. बसायला वापरा, उलटा करून पुस्तकं न्या, रचून शेल्फ करा. पैसे कमी होते, म्हणूनच त्यात इतका विचार आहे.

पुढे तोमास माल्दोनादो या अर्जेंटिनाच्या शिक्षकाच्या काळात शाळेचं वळण आणखी कडक झालं. चित्रकाराच्या अंतःप्रेरणेवर भिस्त ठेवायची नाही असं ठरलं. अभ्यासक्रमात गणित आलं, समाजशास्त्र आलं, चिन्हशास्त्र आलं. होर्स्ट रिटेल हा गणिताचा माणूस १९५८ ते १९६३ तिथे शिकवत होता. पुढे कॅलिफोर्नियात बर्कलेला जाऊन त्याने शहरनियोजनातले प्रश्न गणितातल्यासारखे सुटत का नाहीत याची जी मांडणी केली, ती आज जगभर शिकवतात. त्या विचारांची बीजं मला उल्मच्या त्या वर्गांत दिसतात, जिथे समोर बसलेल्यांत एकजण प्रेशर कुकर घडवणार, दुसरा पोस्टर आणि तिसरा शाळेची इमारत. शाळा सरकारी पैशावर अवलंबून होती आणि आतून भांडणांनी पोखरलेली होती. राज्याच्या विधिमंडळाने हात आखडता घेतला आणि १९६८ मध्ये ती बंद पडली. जेमतेम पंधरा वर्षांचं आयुष्य.

या शाळेत साठच्या दशकात एक मराठी विद्यार्थी होता: सुधाकर नाडकर्णी. आधी जे.जे.त कमर्शिअल आर्टचं शिक्षण, मग उल्मला औद्योगिक डिझाईन. तोपर्यंत देशातही हालचाल सुरू झाली होती. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दाम्पत्य इथे हिंडून गेलं आणि १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. तो आपल्या साध्या तांब्यासाठी लक्षात राहिला. तांब्यात पाणी किती मावावं, तो कमरेवर बसतो कसा, हातात तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, धातू कोणता, किंमत किती, असे प्रश्न एका भांड्याला विचारता येतात हे त्यांनी दाखवलं. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली, ती गौतम आणि गिरा साराभाई यांच्या पुढाकाराने. नाडकर्णींनी काही काळ तिथे शिकवलं.

आणि १९६९ मध्ये, उल्म बंद झाल्याच्या पुढच्याच वर्षी, पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर सुरू झालं. सगळे त्याला आयडीसी म्हणतात. नाडकर्णी त्याच्या उभारणीच्या केंद्रस्थानी होते. जागेची निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. अहमदाबादची संस्था स्वतंत्र होती, तिचं जग तिचंच. पवईत मात्र डिझाईनवाले पदार्थविज्ञान, धातुशास्त्र, विद्युत आणि यंत्र यांच्या शेजारात येऊन बसले. ही आयआयटी १९५८ ची, सोव्हिएत मदतीतून उभी राहिलेली, आणि तिच्या आवाराला तेव्हा वेध होते अवजड उद्योगांचे. अशा ठिकाणी फॉर्म शिकवतो म्हणणाऱ्या माणसाला शेजारच्या विभागाने गांभीर्याने घ्यायला किती वेळ लागला असेल, हे अभियांत्रिकी कॉलेजात आयुष्य घालवलेल्या कुणालाही सहज समजेल.

त्याच १९६९ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट सायमन यांचं मानवनिर्मित गोष्टींच्या शास्त्रावरचं पुस्तक आलं. सायमन अर्थशास्त्र, संगणक आणि मानसशास्त्र अशा तीन अंगणांत वावरणारे. त्यांचा मुद्दा थेट माझ्या व्यवसायाला भिडणारा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अभियांत्रिकी, वैद्यक, व्यवस्थापन या सगळ्या व्यावसायिक शाळांनी प्रतिष्ठेपायी निसर्गविज्ञानाची आणि गणिताची वाट धरली आणि ‘काय घडवायचं, कसं घडवायचं’ हा आपला मूळ विषय अडगळीत टाकला, असं ते म्हणतात. डॉक्टर उपचार आखतो, व्यवस्थापक धोरण आखतो, अभियंता पूल आखतो. तिघांचंही काम आखणीचंच. १९५५ च्या ग्रिंटर अहवालानंतर अमेरिकेतल्या अभियांत्रिकीत विज्ञानाचा भार वाढला, आणि आपल्याकडच्या अभ्यासक्रमांवरही त्या वाऱ्याचा परिणाम झाला. वर्कशॉपचे तास आकसले, ड्रॉइंगचे आकसले. मी शिकत होते तेव्हा हाफ इम्पीरियल शीटवर मिनी ड्राफ्टर लावून रात्र रात्र बसावं लागे. आज माझे विद्यार्थी संगणकावर तासाभरात घनाकृती उभी करतात. ती घनाकृती हातात धरली तर बोट कुठे टेकेल, हा प्रश्न त्यांना कुणी विचारत नाही.

आयडीसीत सुरुवातीला येत ते मुख्यतः अभियंते आणि वास्तुविशारद. ऐंशीच्या दशकात दृश्यसंवादाचा अभ्यासक्रम आला आणि उपयोजित कलेची मुलं मोठ्या संख्येने येऊ लागली. पुढे सीईईडी ही प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली झाली, आणि जी. डी. आर्टवाल्यालाही. ज्या पदविकेने आयुष्यभर खालची पायरी दाखवली होती, तीच घेऊन मुलगा आयआयटीच्या दारात उभा राहू शकला. या एका प्रशासकीय नियमाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. आमच्या शेजारचा एक मुलगा त्या परीक्षेला बसला तेव्हा त्याच्या आईला मी स्वतः समजावून सांगितलं होतं की हो, हीच ती आयआयटी.

वर्गात कुणाला काय येतं यापेक्षा कुणाला काय येत नाही हे अशा ठिकाणी महत्त्वाचं ठरतं. अभियंत्याला रेघ काढायची लाज वाटते, चित्रकाराला आकडेमोडीची भीती वाटते, वास्तुविशारदाला हातात मावेल एवढी छोटी वस्तू करायची सवय नसते. सगळे थर्मोकोल, पुठ्ठा आणि प्लास्टर ऑफ पॅरिस घेऊन एका टेबलाला बसले की तिघंही नवशिके होतात. डिझाईनच्या शाळांतला पहिला टप्पा असाच असतो: घनाचं हळूहळू गोलात रूपांतर करा, एकाच कागदाला कात्री न लावता वजन पेलायला लावा, एकाच करड्या रंगाच्या छटांची शिडी रंगवा. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. नंतर जुरी बसते. सगळ्यांची कामं भिंतीला लागतात आणि प्रत्येकाला आपलं काम सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं. अभियांत्रिकीत उत्तर चुकलं की मार्क जातात, गोष्ट संपते. जुरीत उत्तराचं ‘का’ विचारतात. चार वर्षं बरोबर उत्तरांवर वाढलेल्या मुलाला ते ‘का’ आधी अपमानासारखं लागतं.

आयडीसीतून बाहेर पडलेल्या गोष्टींपैकी एक आपण सगळ्यांनी हाताळली आहे. मतदान यंत्र. इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोन सरकारी कंपन्या ते बनवतात. त्याचं बाह्यरूप ज्यांनी घडवलं त्यात ए. जी. राव आणि रवी पूवय्या हे आयडीसीचे प्राध्यापक होते. १९८२ मध्ये केरळातल्या परवूर मतदारसंघात पन्नास केंद्रांवर यंत्र पहिल्यांदा वापरलं गेलं, आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रांवर झाली. वीज नसलेल्या वाडीतही चालावं म्हणून ते बॅटरीवर. मतपत्रिकेच्या भागावर सोळा उमेदवार मावतात, नियंत्रणाचा भाग अधिकाऱ्यापाशी, मधे पाच मीटरची केबल. निळं बटण दाबलं की शेजारी लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. हे सगळं सर्किटवाल्याने एकट्याने ठरवलं असतं तर? सर्किटला एवढंच हवं की संपर्क जुळावा. पण बटण दाबणारी बाई शेतातून आली असेल, आयुष्यात पहिल्यांदाच यंत्राला हात लावत असेल, वाचता येत नसेल, आपलं मत गेलं का याची तिला खात्री हवी असेल. नाव, चिन्ह, दिवा आणि बटण एका ओळीत असणं ही तिच्यासाठी घेतलेली काळजी आहे. यंत्राबद्दल राजकारणात वाद झाले आणि होतात. ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे. त्याची मांडणी मात्र मी दरवर्षी वर्गात शिकवते.

दुसरं उदाहरण माझ्या जास्त जवळचं, कारण ते मराठी अक्षराचं आहे. र. कृ. जोशी, ज्यांना सगळे ‘आरके’ म्हणत, हे जे.जे.चे. कवी, सुलेखनकार, आणि दोन दशकं उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक. १९८३ मध्ये ते आयडीसीत शिकवायला आले. बोरू आणि शाई यांच्यावर पोसलेला हा माणूस संगणकाच्या माणसांमध्ये रमला, आणि पवईनंतर जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संस्थेत काम करत राहिला. विंडोजमधून घराघरांत पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या दिग्दर्शनाखाली झाला, विनय सायनेकर त्यात सोबत होते.

संगणकावर देवनागरी बसवणं किती अवघड, हे रोमन लिपीवाल्याला चटकन समजत नाही. ऱ्हस्व इकार टाइप होतो अक्षरानंतर आणि दिसायला हवा अक्षराच्या आधी. रफार उच्चारात आधी येतो आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ष्ट्य’ यांची जोडणी कुठे आडवी, कुठे उभी. यातले काही नियम आज्ञावलीत लिहिता येतात. पण जोडाक्षराचा पोटभाग किती बारीक केला तर शाईचा डाग वाटणार नाही, हे फक्त लिहिलेला हातच सांगू शकतो. प्रोग्रामरने सुलेखनकाराला विचारल्याशिवाय आणि सुलेखनकाराने प्रोग्रामरची तक्त्यांची भाषा समजून घेतल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही. आज मराठीत ईमेल लिहिणाऱ्या, सातबारा पडद्यावर वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोरचं अक्षर अशा बसण्या-उठण्यातून आलं आहे. आरके २००८ मध्ये गेले.

त्यांच्याच विभागातून पुढे डी. उदय कुमार आले. मूळ शिक्षण वास्तुकलेचं, मग आयडीसीत दृश्यसंवाद, मग तमिळ अक्षरांवर पीएच.डी. १५ जुलै २०१० रोजी रुपयाचं चिन्ह म्हणून केंद्र सरकारने त्यांचं रेखाटन निवडलं, आणि त्याच सुमारास ते गुवाहाटीच्या आयआयटीत शिकवायला रुजू झाले. गुवाहाटीचा डिझाईन विभागही नाडकर्णींनीच उभा केलेला. त्यानंतर नाडकर्णी पुन्हा मुंबईत आले आणि माटुंग्याच्या वेलिंगकर संस्थेत व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी बिझनेस डिझाईनचा अभ्यासक्रम सुरू करण्यात त्यांचा वाटा राहिला. जाहिरातकला, औद्योगिक वस्तू, अभियांत्रिकी, व्यवस्थापन. एका माणसाच्या कामाचा हा प्रवास पाहिला की सायमन यांच्या पुस्तकातला मुद्दा इथे कुणीतरी प्रत्यक्षात चालून दाखवला असं मला वाटतं.

२००७ च्या राष्ट्रीय डिझाईन धोरणाने आयआयटी, एनआयटी आणि चांगल्या खासगी कॉलेजांत डिझाईनचे विभाग काढावेत असं म्हटलं. २०१५ पासून पवईत बारावीनंतर बी.डेस. सुरू झालं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या भिंती कमी करायच्या ठरवल्या, आणि आता लहानसहान अभियांत्रिकी कॉलेजातही ‘डिझाईन थिंकिंग’चा तास असतो.

इथे माझी तक्रार आहे. मी पाहिलेल्या एका कॉलेजात हा विषय दोन दिवसांत उरकतात. मुलांना रंगीत चिकटचिठ्ठ्या देतात, ‘वापरणाऱ्याशी सहानुभूती बाळगा’ असं फळ्यावर लिहितात, शेवटी एका ॲपचं चित्र निघतं आणि प्रमाणपत्र मिळतं. कार्यशाळेला कुलूप असतं, कारण तिथल्या सहायकाची जागा वर्षानुवर्षं भरलेली नाही. मुंबईच्या टर्मिनसच्या दगडापासून पवईच्या बटणापर्यंतचा इतिहास ज्या एका गोष्टीवर उभा आहे ती इथे गाळली आहे. निरनिराळ्या घडणीची माणसं एकाच ठोस कामावर, एकाच मालावर हात ठेवून, पुरेसा वेळ एकत्र बसली. तेवढं झालं तिथे डिझाईन सगळ्या शाखांत झिरपलं. नाही झालं तिथे फक्त शब्द पसरले.

आमच्या भागात गुऱ्हाळं आहेत. त्यामुळे माझ्या ऐच्छिक विषयात मी यंत्र, स्थापत्य आणि संगणक शाखेची मुलं घेते, शहरातल्या कला महाविद्यालयातून काही मुलं बोलावते, आणि हंगामात सगळ्यांना गुऱ्हाळावर नेते. चुलवाणावर काहील उकळत असते, जाळ घालणारा मागून चिपाड सारत असतो, आणि गुळव्या लांब दांड्याने रस ढवळत असतो. वाफ थेट तोंडावर. एका वर्षी यंत्रवाल्या मुलांनी पहिल्याच दिवशी उपाय सांगितला: मोटर लावून ढवळायचं. आकडेमोड चोख होती. कलेची एक मुलगी मात्र तीन दिवस नुसती गुळव्याचे हात रेखाटत बसली. तिच्या वहीत मनगटं, बोटांची पकड, खांद्याचा कल. चौथ्या दिवशी तिने सगळ्यांना ती चित्रं क्रमाने लावून दाखवली. पाक तयार व्हायला येतो तसतशी पकड बदलत जाते. गुळव्या दांड्यातून पाकाचा दाटपणा मोजत असतो. एकशे अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरवायची ती वेळ तो पाण्यात पाक टाकून, गोळी करून तपासतो खरा. पण गोळी कधी करून बघायची हे त्याला दांड्यावरचा जोर सांगतो. मोटर लावली की ही खबर तुटणार होती.

मग मुलांनी ढवळणं हातातच ठेवलं आणि ओझं तेवढं कमी केलं. दांडा वरून कप्पीला टांगला, दुसऱ्या टोकाला वजन लावलं. स्थापत्यच्या मुलांनी उभं राहायची जागा वाफेच्या झोतातून बाजूला सरकवली आणि सांडलेल्या रसाला उतार दिला. गुळव्याने दांडा वर-खाली करून बघितला आणि म्हणाला, “वजन गेलं, पण हाताला अजून कळतंय. ठेवा.” ते जुगाड पुढच्या हंगामातही टिकलं. त्यात यांत्रिकीचं काय, कलेचं काय, स्थापत्याचं काय असं विद्यापीठाने गुणपत्रिकेसाठी विचारलं तेव्हा मला सगळ्यांना सारखे गुण द्यावे लागले, आणि त्याचं कारण लिहून द्यावं लागलं.

सध्या आमचं काम उद्यमनगरात चालू आहे. लाकडी नमुन्यांची जागा संगणकावर कोरलेले आणि त्रिमितीय छपाईचे नमुने घेत आहेत. जुने पॅटर्न मेकर निवृत्त होत आहेत आणि पोटमाळ्यांवरचे सागवानी नमुने जळणाच्या भावाने जात आहेत. माझी मुलं त्यातले मिळतील तेवढे आणून मोजतात, स्कॅन करतात, आणि कलेची मुलं त्यांची पेन्सिलीने रेखाटनं करतात, कारण उजेडाची रेघ स्कॅनरला दिसत नाही. प्रत्येक नमुन्यासोबत तो करणाऱ्याला विचारून लिहून घेतो: उतार किती दिला, गोलाई का दिली, कुठल्या ओतीवात तडा गेला होता. पंपाच्या व्होल्यूट केसिंगचे नमुने पूर्ण झाले आहेत, ऑइल इंजिनाच्या हेडचे चालू आहेत. कॉलेजने कार्यशाळेची किल्ली आम्हाला संध्याकाळी सहापर्यंत दिली आहे. आठपर्यंत मिळावी असा अर्ज केला आहे.